ट्राउटसाठी फ्लायचा नंबर कशावरून ठरवायचा? (तीर्थन, एप्रिल)

भीमातीर:
राम राम मंडळी. एप्रिलच्या मध्यावर मी आणि मेहुणा तीर्थन खोऱ्यात ट्राउट धरायला निघालोय. कर्नाटक एक्स्प्रेसचं बुकिंग झालं, दिल्लीहून मनालीची बस, औटला उतरायचं आणि तिथून बंजारमार्गे गुशैणी. राहायची सोय झाली. परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून काढायचा, तेही कळलं. गाडी अडलीय ती एकाच ठिकाणी.

रॉड ५ वेटचा घेतलाय. त्याच्यासोबत फ्लायची, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या खोट्या किड्यांची, एक तयार डबी मागवली. कप्प्याकप्प्यावर १२, १४, १६, १८, २० असे आकडे आहेत. १२ नंबरची फ्लाय सगळ्यात मोठी आणि २० ची बघायला मला चष्मा लावावा लागतो. रॉडला मात्र आकडा वाढला की रॉड दणकट. हा उलटा कारभार कशासाठी? मेहुणा म्हणतो, मोठा मासा पाहिजे तर मोठी फ्लाय बांध, डोकं कशाला लावतोस. ते काही मनाला पटत नाही. उजनीवर आपण कणकेचा गोळा लावून बसतो तेव्हा गळाचा नंबर दुकानदारच हातावर ठेवतो. इथे विचारायला दुकानदार नाही.

तर नदीत उभं राहिल्यावर कुठल्या नंबरची फ्लाय बांधायची, हे कशावरून ठरवता? रंग आणि नावं नंतर बघू.

सातरस्ता:
लई भारी बे! इथं पार्क चौकात दुपारी डांबर वितळायलंय आन् तुम्ही बर्फाच्या पाण्यातल्या माशाचा नंबर काढत बसलाव. हिप्परग्याच्या तलावात चार ट्राउट आणून सोडा की, रेल्वेचं भाडं वाचंल.

निवृत्त ओव्हरसियर:
सातरस्ता, सोडल्या दिवशीच पांढरं पोट वर करून तरंगतील. ट्राउटला १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० च्या वर गेलं की तो खाणं टाकतो आणि २५ च्या आसपास त्याचा जीव जायला लागतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायूही कमी होतो, म्हणजे दोन्हीकडून मार. म्हणून आपल्या देशात तो हिमालयात, निलगिरीत आणि मुन्नारच्या डोंगरात टिकला, बाकी कुठे नाही. मुळात तो इथला नाहीच. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट रुजवला आणि १९०९ मध्ये तिथली अंडी कुल्लू खोऱ्यात नेली. भीमातीर ज्या माशाच्या मागे चाललेत तो त्याच खानदानातला. चालू द्या.

टॉवेलवाली:
भीमातीर, सोलापूरचे असून हा प्रश्न विचारताय म्हणजे घरात कुणी मागावर बसलेलं दिसत नाही! सुताचा काऊंट आठवा. १० काऊंटचं सूत जाड, ४० काऊंटचं बारीक, कारण एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात त्यावरून तो आकडा पडतो. लडी जास्त म्हणजे सूत बारीक. गळाच्या नंबरची चालही तीच, आकडा चढला की गळ लहान. फ्लायचे गळ बहुतेक सम आकड्यांत मिळतात, त्यामुळे १४ च्या खालची पायरी १६. वरच्या बाजूला १ नंबरपर्यंत आलात की पुढे १/०, २/०, ३/० असं सुरू होतं आणि तिथून आकड्याबरोबर गळ मोठा होत जातो. तुम्हाला तिथवर जायचं कारण नाही, ते समुद्रातल्या आणि मोठ्या शिकारी माशांचं काम. रॉडचा ५ हा आकडा रॉडचा सुद्धा नाही, त्यावर चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा आहे. म्हणून तो सरळ चढतो.

आता महत्त्वाचं. डबीवर लिहिलेला नंबर गळाचा असतो, फ्लायचा नसतो. गळाच्या पुडक्यावर '२ एक्स लाँग' असं काही लिहिलेलं असेल तर त्याची दांडी नेहमीपेक्षा लांब, म्हणजे त्यावर बांधलेली १४ ची निम्फ (पाण्याखालच्या कोवळ्या किड्यासारखी फ्लाय) साध्या १२ एवढी भरू शकते. शिवाय एका कंपनीचा १६ दुसऱ्या कंपनीच्या १६ शेजारी ठेवला तर जुळेलच असं नाही. मी फ्लाय बांधते तेव्हा नंबर वाचते आणि मग पट्टी लावतेच. सवयीचा भाग, कापडाला पन्ना मोजल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

अंदाजासाठी सांगते. साध्या गळावर १२ ची फ्लाय साधारण १० मिलिमीटर, १४ ची ८-९, १६ ची ७, १८ ची ५-६ आणि २० ची ५ च्या आत-बाहेर. हे शेपटी सोडून अंगाचं माप.

भीमातीर:
काऊंटचं एकदम डोक्यात बसलं. आजोबा जेकॉर्डवर होते, पण माझ्यापर्यंत ती विद्या आली नाही. आता पट्टी घेऊन बसतो.

कुल्लूतला अक्कलकोटी:
धागा उशिरा दिसला. मूळ अक्कलकोटचा, नोकरीमुळे इकडे. तीर्थनला बऱ्याचदा जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नदीवर पोचलात की रॉड जोडायची घाई करू नका. घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यात जा आणि ताटाएवढा एक धोंडा उचलून उलटा करा. हळू उचला, नाहीतर खालचं सगळं वाहून जातं. ओल्या पृष्ठभागावर काहीतरी सरकताना दिसेल. चपटं, तपकिरी, डोकं रुंद, मागे दोन किंवा तीन लांब केसांसारख्या शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे कल्ले, ही मेफ्लाय नावाच्या पाणकिड्याची निम्फ, म्हणजे पिल्लू. जरा मोठी, दोनच शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या असल्या तर स्टोनफ्लाय. वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक नळी धोंड्याला डकवलेली असेल तर आत कॅडिस आहे. नळी नसलेली, हिरवट अळीसारखी दिसणारी कॅडिसही असते. पांढरी प्लास्टिकची वाटी सोबत ठेवा. त्यात थोडं पाणी घ्या, किडा सोडा आणि शेजारी डबीतली एकेक फ्लाय धरा. शेपट्या मोजायच्या नाहीत, अंगच मोजायचं. ज्या नंबरला अंग जुळलं तो तुमचा त्या दिवसाचा नंबर. एका धोंड्यावर भिस्त ठेवू नका, पाच-सात उलटा आणि जे जास्त संख्येने दिसतं ते धरा. एखादी बोटाच्या पेराएवढी स्टोनफ्लाय दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. मासा गर्दीतलं खातो. धोंडा होता तसा परत ठेवा, तेवढं पथ्य पाळा.

हे झालं पाण्याखालचं. ट्राउट दिवसाचं बहुतेक खाणं तिथेच उरकतो, त्यामुळे निम्फचा नंबर बरोबर आला तर अर्धं काम झालं. पाण्यावर उडणारे किडे दिसायला लागले आणि मासे वर येऊन टिपायला लागले की ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी. तेव्हा टोपीने एखादा किडा हवेतच धरा आणि तेच करा, शेजारी फ्लाय ठेवून माप जुळवा. हवेत किडा मोठा दिसतो, पंखांमुळे. पंख मिटून हातात आला की दोन नंबरांनी लहान निघतो. नवखा माणूस इथेच गंडतो आणि १२ बांधतो जिथे १६ लागतो.

एप्रिलसाठी माझी डबी विचाराल तर सगळ्यात झिजलेले कप्पे १४ आणि १६ चे. निम्फमध्ये फेझंट टेल १४ ते १८, हेअर्स इअर १२ ते १६. ड्रायमध्ये अ‍ॅडम्स १४ आणि १६, एल्क हेअर कॅडिस तेवढ्याच. स्टोनफ्लायची निम्फ ८ किंवा १० ची, थोड्याच. वूली बगर, म्हणजे पाण्यातून ओढायची मोठी केसाळ फ्लाय, ६ ते १० मध्ये दोन-तीन, काळी आणि ऑलिव्ह.

आता पाणी. एप्रिलमध्ये वरचं बर्फ वितळत असतं. दिवसभराच्या उन्हाचं पाणी खाली पोचायला वेळ लागतो, त्यामुळे सकाळी नदी उतरलेली आणि काचेसारखी, तर दुपारनंतर चढलेली आणि दुधट. सकाळी मासा निवांत बघून घेतो, तिथे १६-१८. दुपारी त्याला वितभर पलीकडचं नीट दिसत नाही, मग १२ ची गडद निम्फ किंवा थेट बगर, म्हणजे निदान सावली तरी दिसेल. धबधब्यासारख्या ओढ्यात, धोंड्यांच्या मधल्या खळाळत्या पाण्यात घास समोरून जायला क्षणभरच असतो, तिथे तो चिकित्सा करत नाही. तिथे १२-१४ ची केसाळ ड्राय फ्लाय चालते, तुम्हालाही दिसते. डोहाच्या शेपटाला, जिथे पाणी आरशासारखं सरकतं, तिथे तीच फ्लाय टाकलीत तर मासा वर येईल, खालून बघेल आणि वळून जाईल.

आणि तो असा वळून गेला ना, की फ्लायचं नाव बदलू नका. तीच फ्लाय एक पायरी लहान करा, १४ ची होती तर १६ ची. तेवढ्यावर न जमलं तर मग रंग, मग नाव. लोक पहिल्यांदा डबीतल्या सगळ्या रंगांची जत्रा भरवतात आणि नंबर तोच ठेवतात. वर तरंगणारी फ्लाय मासा उजेडाच्या आभाळावर बघतो. खालून त्याला रंग फार कळत नाही, आकार आणि माप कळतं.

मेहुण्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. मोठे ब्राउन ट्राउट लहान मासे खातात, तिन्हीसांजेला किंवा गढूळ पाण्यात मोठी स्ट्रीमर (लहान माशासारखी दिसणारी फ्लाय) ओढली तर तसला मासा लागू शकतो. पण तोच मासा सकाळच्या निवळ पाण्यात १८ नंबरचे किडे टिपत बसलेला असतो, आणि तेव्हा त्याच्या नाकासमोरून बगर ओढली तर तो धोंड्याखाली जातो.

भीमातीर:
दंडवत. हे मेहुण्याला छापून देतो. त्याने शेवटचा परिच्छेद वाचला की "बघ, मी म्हणत होतो" म्हणणार, पण चालायचंच.

पाणकावळा:
अक्कलकोटी यांचा प्रतिसाद उत्तम, तरी विरोधात लिहितो. नंबर, नंबर करून लोक वेडे होतात. दहांतल्या आठ वेळा मासा वळतो तो ड्रॅगमुळे. लाइन वेगळ्या वेगाच्या पाण्यात पडते, ती फ्लायला ओढते आणि फ्लायच्या मागे पाण्यावर बारीक रेघ उमटते. खरा किडा प्रवाहाबरोबर जातो, त्याच्यामागे रेघ नसते. रेघ दिसली की १६ काय आणि २२ काय, मासा घेत नाही. चुकीच्या नंबरची फ्लाय बिनड्रॅगची वाहवली तर घेतो. म्हणून माझ्या मते आधी उभं राहायची जागा बदला, जवळ जा, लाइन वर उचलून धरा. नंबर नंतर. भीमातीर, डबीपेक्षा हातावर मेहनत घ्या.

कुल्लूतला अक्कलकोटी:
मान्य, आणि मी ते लिहायला हवं होतं असं नाही, कारण प्रश्न नंबरचा होता. :) पण दोन गोष्टी इतक्या वेगळ्या नाहीत. १८ ची फ्लाय जाड टिपेटला, म्हणजे लाइनच्या टोकाच्या शेवटच्या दोऱ्याला, बांधली की ड्रॅग तिथूनच सुरू होतो. जाड दोरा ताठ असतो, फ्लायला मोकळं वाहू देत नाही. म्हणजे ड्रॅग घालवायचा तर टिपेट बारीक हवं, आणि टिपेट बारीक घ्यायचं तर फ्लायच्या नंबराशी ते जुळायला हवं. शेवटी परत नंबरावरच आलात.

पाणकावळा:
हा वकिली मुद्दा झाला. पण बरोबर आहे.

निवृत्त ओव्हरसियर:
टिपेटचा विषय निघालाच आहे तर हिशेब माझ्याकडून घ्या, आकडेमोड आवडते.

टिपेटवर ३ एक्स, ४ एक्स, ५ एक्स असं लिहिलेलं असतं. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, जे उरेल तेवढे हजारांश इंच ही त्याची जाडी. ५ एक्स म्हणजे ११ वजा ५, सहा हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. ४ एक्स म्हणजे सात हजारांश, ०.१८ च्या आसपास. ६ एक्स पाच हजारांश, ०.१३. इथेही आकडा चढला की दोरा बारीक. टॉवेलवाली ताईंचा काऊंटच पुन्हा.

हा एक्स कुठून आला ते सांगतो, कारण आपल्या गावाला तो विषय जवळचा आहे. नायलॉन येण्याआधी हा शेवटचा पारदर्शक दोरा रेशमाच्या किड्यापासून करत. किड्याच्या पोटातली रेशमाची ग्रंथी ताणून तिची तार काढायची आणि ती भोकाभोकातून ओढून बारीक करायची. जितक्यांदा ओढली तितके एक्स. मासे धरायच्या आधी ती पाण्यात भिजवून मऊ करावी लागे, कोरडी वापरली तर तुटायची.

फ्लायच्या नंबराला ३ ने भागा, उत्तर येईल तेवढ्या एक्सचं टिपेट. १२ ला ४ एक्स, १५-१६ ला ५ एक्स, १८ ला ६ एक्स. काही जण ४ ने भागतात, म्हणजे जरा जाड टिपेट. जड निम्फला आणि धोंड्यांच्या नदीत मी ४ ने भागणाऱ्यांच्या बाजूचा. बारीक टिपेटला मोठी फ्लाय बांधली तर प्रत्येक फेकीला ती भोवऱ्यासारखी फिरते आणि टिपेटला पीळ बसतो. थोड्या वेळाने हातात स्प्रिंगच उरते. उलट २० नंबरच्या गळाच्या डोळ्यातून ४ एक्स ओवायला गेलात तर ते जाता जात नाही. चाळिशी लागलेल्यांनी हा प्रयोग घरी ट्यूबलाइटखाली करून बघावा.

सातरस्ता:
काका, दोन आकडे उलटे, एक सुलटा, त्यात भागाकार. यापेक्षा बाजारात जाऊन चिलापी घेतलेली काय वाईट? शेंगाचटणी लावून तळली की ट्राउटला मागं सारंल.

निवृत्त ओव्हरसियर:
तू तळ, आम्ही खायला येतो.

भीमातीर:
दोन शंका.

एक, निम्फचा नंबर आणि तिचं वजन यांचं काय? डबीत १४ च्या दोन निम्फ आहेत, एकीला पितळेसारखा मणी आहे, एकीला नाही. हातात घेतल्यावर फरक जाणवतो.

दोन, मेहुण्याने २० आणि २२ च्या आणखी मागवायचं ठरवलंय. आता त्याला उलटं वेड लागलंय. घ्याव्यात का?

कुल्लूतला अक्कलकोटी:
वजन ही वेगळी बाब आणि ती नंबराइतकीच ठरवून घ्यायची. निम्फ तळाजवळून वाहायला हवी, कारण किडे तिथे असतात. नंबर बरोबर पण फ्लाय पाण्याच्या मधोमध तरंगत असेल तर काही उपयोग नाही. तीर्थनसारख्या ओढीच्या पाण्यात साधी १६ ची निम्फ खाली जातच नाही, वाहून पुढे निघून जाते. अशा वेळी लोक वैतागून १० ची निम्फ बांधतात, ती जड म्हणून खाली जाते, पण तेवढ्या मापाचा किडा तिथे नसतो. त्यापेक्षा १६ च्याच गळावर टंगस्टनचा मणी असलेली घ्या. टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड, म्हणून माप तेच राहून फ्लाय खाली जाते. किंवा दोन निम्फ एका दोऱ्यावर, वरची जड १२ ची आणि तिच्या गळाला फूट-दीड फूट टिपेट बांधून खाली १८ ची हलकी. वरची खाली घेऊन जायला, खालची खायला. तुमच्या डबीतली मण्याची आणि बिनमण्याची दोन्ही ठेवा, पहिली ओढ्यात आणि दुसरी डोहाच्या कडेला. मधूनमधून तळाला अडकायला हवी. तासभर कुठेच अडकली नाही तर तुम्ही वरून मासेमारी करताय असं समजा.

२०-२२: दोन-चार असू द्या, संध्याकाळी डोहावर धुरासारखे मिज (चिलटांसारखे बारीक किडे) उडताना दिसले आणि मासे नुसतं नाक वर काढून काहीतरी चोखताना दिसले तर कामाला येतील. आख्खा कप्पा भरायची गरज नाही. तो प्रकार सावकाश वाहणाऱ्या, झऱ्यांच्या नद्यांवर जास्त. तीर्थन उतारावरची नदी आहे.

टॉवेलवाली:
मेहुण्यांना सांगा, तयार घेण्यापेक्षा बांधायला शिका. सोलापुरात दोरा आणि हात दोन्ही आहेत. फक्त गिरणीतला दोरा वापरू नका, तो जाडजूड होतो. १६-१८ च्या गळावर दहा वेढ्यांतच डोकं भलंमोठं होतं आणि गळाचा डोळा बुजतो. फ्लायचा दोरा ७० डेनियरचा घ्या, मोठ्या स्ट्रीमरला १४० चालतो. डेनियर मात्र काऊंटच्या उलट, आकडा चढला की जाड. (सातरस्ता, आता रडू नका.)

हॅकलसाठी, म्हणजे फ्लायच्या गळ्याभोवती गुंडाळायला, घेतलेल्या पिसांचं माप गळावरूनच ठरतं. ड्राय फ्लायच्या पिसाचे तंतू गळाच्या फटीच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यामधल्या अंतराच्या, दीडपट हवेत. तेवढे असले की फ्लाय तंतूंवर उभी राहते, जास्त लांब असले तर लोळते. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं मी वापरून बघितली. देखणी असतात, तांबूस-सोनेरी, पण तंतू मऊ आणि लांब. ड्राय फ्लायला ती पाणी पितात आणि बुडतात. १० आणि १२ च्या वेट (बुडणाऱ्या) फ्लायला मात्र झकास, पाण्यात मस्त हलतात. १६ च्या खालची ड्राय फ्लाय बांधायची तर त्यासाठीच पोसलेल्या कोंबड्यांची पिसं विकत घ्यावी लागतात, त्याला इलाज नाही.

फेझंट टेलच्या बाबतीत एक मजा. ही फ्लाय रचणारा फ्रँक सॉयर इंग्लंडात एव्हन नदीचा राखणदार होता. त्याने दोरा वापरलाच नाही, तांब्याच्या बारीक तारेनेच पीस बांधलं. तार दोऱ्याचंही काम करते आणि वजनाचंही, त्यामुळे फ्लाय सडपातळ राहते. १८ ला तोच प्रकार सोपा पडतो. जुन्या बारक्या मोटारीच्या वाइंडिंगची तार चालते, पण केसासारखी बारीक असेल तीच.

मोरपिसाचे तंतू निम्फला छान लागतात. ते दुकानातून घ्या. नान्नजच्या अभयारण्यात फिरायला गेलात तर तिथलं काही उचलून आणू नका.

पाणकावळा:
वाचनखूण साठवली. टॉवेलवाली, या सगळ्यावर स्वतंत्र धागा येऊ द्या, फोटोंसकट.

भीमातीर, गळाचा काटा चिमट्याने दाबून घ्यायला विसरू नका, म्हणजे आतल्या बाजूचा उलटा काटा. लहान गळांचा तो घरीच दाबा, नदीवर बोटं गारठलेली असताना १८ चा गळ मोडतो. मासा सोडताना हात आधी पाण्यात भिजवा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आणि पुढच्या वेळी दिवाळीनंतर जायचा बेत करू नका, १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी बंद असते. तेव्हा ते अंडी घालतात.

भीमातीर:
नोंद केली. जायच्या आधी सराव कुठे करावा? घराच्या गच्चीवर केला तर शेजारच्या वाळवणात फ्लाय अडकली. पापड होते.

सातरस्ता:
पापड किती नंबरचा होता?

निवृत्त ओव्हरसियर:
सकाळी लवकर होम मैदानावर या. फ्लायच्या जागी रंगीत लोकरीचा तुकडा बांधायचा, गळ अजिबात नको, माणसं फिरायला येतात. तीस फुटांवर रुमाल टाकून त्यावर लोकर पाडायची. तीर्थनवर त्याहून लांब फेकायची वेळ क्वचित येते. सिद्धेश्वर तलावाच्या काठी मात्र रॉड काढू नका, देवाचा तलाव आहे, लोकांना आवडणार नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

पाण्यावर सराव हवा असेल तर उजनीच्या बॅकवॉटरला, जिथे परवानगी आहे तिथे, चिलापीवर करा. तोंड लहान असतं तिचं, १२ किंवा १४ ची मण्याची निम्फ काठाजवळ टाकून हळूहळू ओढायची. तिथे नंबराचा फरक डोळ्यांनी कळतो. ८ ची टाकली की नुसती टोचते आणि सोडते, १४ ची टाकली की ओठात गळ बसतो. ट्राउटची परीक्षा वेगळी, पण लहान तोंडाला मोठा घास पुरत नाही एवढं तिथेच शिकता येतं.

भीमातीर:
रविवारी काकांच्या शिकवणीला हजर. मेहुण्यालाही आणतो, लोकरीचा गुंडा त्याच्याकडे आहे.

डबी अशी भरतोय: १४ आणि १६ सगळ्यात जास्त, १८ त्याच्या निम्म्या, १२ च्या थोड्या मण्यासकट, दोन-तीन बगर, चार २० च्या. टिपेट ४, ५ आणि ६ एक्स. पांढरी वाटी घेतली. काही राहिलं का?

कुल्लूतला अक्कलकोटी:
३ एक्सचं एक रीळ टाका बगरसाठी, ४ एक्सवर ती मोठ्या माशाला तुटेल. आणि १६ च्या निम्फ लिहिल्यात त्याच्या दुप्पट घ्या. तळाला अडकून त्याच जातात, आणि तिथे बंजारच्या बाजारात त्या मिळतील या भरवशावर राहू नका. गुशैणीला पोचलात की व्यक्तिगत निरोप करा, रविवार असेल तर मी येतो.

सातरस्ता:
मालक, मस्करी बाजूला. माझ्या मावसभावाच्या शेततळ्यात मरळ लई झालीय. तिला यातलं काय चालंल? १४ की १६?

टॉवेलवाली:
मरळला १४ दिलात तर ती दातात अडकलेलं काढावं तसं थुंकेल. तिथे तो १/० आणि २/० वाला कप्पा, बेडकासारखं पाण्यावर फुदकणारं केसाळ काहीतरी, आणि टिपेटच्या जागी जाड दोरा. नवा धागा काढा, येतेच.